दत्तकपणावर संदेश देणाऱ्या पाळकांना आणि संडेस्कूलच्या शिक्षकांना खुले पत्र

प्रिय पाळक, उपदेशक आणि संडेस्कूलच्या शिक्षक बंधुभगिनींनो,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

दत्तकपणावरचा संदेश बहुतेकदा एकाच गोष्टीने सुरू होतो. एक जोडपं अनाथालयात जातं. मुलं रांगेत उभी असतात. जोडपं एका मुलीकडे बोट दाखवून म्हणतं, “आम्हाला हीच हवी.” मग इफिस १:५ वाचलं जातं (देवाने आपल्याला पुत्र म्हणून दत्तक घ्यायचं आधीच ठरवलं, असं पौल तिथे लिहितो), “तुम्हालाही देवाने असंच निवडलं” असं सांगितलं जातं, आणि संदेश आवाहनाकडे वळतो. हे पत्र त्या गोष्टीबद्दल आहे. तिच्यात पौलाचं म्हणणं सापडत नाही, आणि मूल दत्तक घेण्याची रीतही तशी नसते. समोरच्या बाकावर दत्तक आलेलं मूल बसलेलं असेल तर तिच्यातून त्याला जे ऐकू येतं ते तुमच्या मनातही नसतं.

आमच्यापैकी काही जण शास्त्र शिकवतात. काही जण मूल घरी येण्याआधी आणि आल्यानंतर दत्तक कुटुंबांसोबत काम करतात. आमचं मागणं एकच आहे. या प्रतिमेचा सगळा भार निवडणाऱ्यावर आणि त्याने दिलेल्या जागेवर राहू द्या. तो मुलाच्या गोडपणावर किंवा दत्तक घेणाऱ्यांच्या मोठेपणावर सरकला की प्रतिमा बिघडते. ती कुठे बिघडते हे पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आधी शब्द पाहू. ज्या ग्रीक शब्दासाठी आपण ‘दत्तकपणा’ म्हणतो तो हुइओथेसिया. हुइओस म्हणजे पुत्र, थेसिस म्हणजे स्थापणं. नव्या करारात तो फक्त पाचदा येतो, आणि पाचही वेळा पौलाच्या पत्रांत: रोम ८:१५, रोम ८:२३, रोम ९:४, गलती ४:५ आणि इफिस १:५. भाषांतरागणिक मराठी शब्द बदलतो, म्हणून यादी मूळ शब्दावरूनच करावी. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हा शब्द नाही, आणि मोशेच्या नियमशास्त्रात मूल दत्तक घेण्याची पद्धतही सांगितलेली नाही. योहान तर वेगळ्याच वाटेने जातो. त्याच्याकडे जन्माची प्रतिमा आहे (१:१२-१३, ३:३). देवाचा ‘पुत्र’ हा शब्द तो येशूसाठी ठेवतो आणि विश्वासणाऱ्यांना देवाची ‘मुलं’ म्हणतो. जन्म आणि दत्तक या दोन प्रतिमा एकाच संदेशात कालवल्या की ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो. एका रविवारी एकच घ्या.

आपल्या ‘दत्तक’ शब्दाची गंमत अशी की त्याचा अर्थ ‘दिलेला’ असा आहे. तो देणाऱ्याच्या हाताकडे पाहतो. ग्रीक शब्द पाहतो ते मिळालेल्या जागेकडे. हा फरक संदेशात एका वाक्यात सांगण्यासारखा आहे, कारण ऐकणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न “मला कुणी सोडलं?” हा असेल, तर पौल त्याला “तुला कुठे बसवलं?” या प्रश्नाकडे नेतो. आणखी एक खबरदारी घ्या. ‘मानलेला मुलगा’ आणि ‘दत्तक मुलगा’ हे शब्द अदलाबदल करून वापरू नका. मानलेल्या नात्यात माया असते, हक्क नसतो. पौलाचा मुद्दा हक्काचाच आहे: पुत्र असाल तर वारसही आहात (रोम ८:१७).

पौलाच्या डोळ्यांसमोर नेमका कुठला दत्तकविधी होता यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. काही जण रोमन कायद्याकडे बोट दाखवतात. काही जण इस्राएलाला देवाने ‘माझा ज्येष्ठ पुत्र’ म्हटलं (निर्गम ४:२२) आणि दावीदाच्या वंशजाला ‘मी त्याचा पिता होईन’ असं वचन दिलं (२ शमुवेल ७:१४), त्याकडे. रोम ९:४ मध्ये पौल दत्तकपणा इस्राएलाचाच म्हणतो, त्यामुळे दुसरी बाजू सोडून देता येत नाही. पण रोममधल्या वाचकाला हा शब्द वाचून काय आठवलं असेल, हे समजून घेण्यासाठी तिथली रीत ठाऊक हवी. व्यासपीठावर ती फार ढिसाळपणे सांगितली जाते, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

रोमन कायद्यात दोन मार्ग होते. जो अजून बापाच्या सत्तेखाली आहे त्याला दुसऱ्या घरी द्यायचं तर आदोप्तियो. जो स्वतःच कुटुंबप्रमुख आहे त्याला घ्यायचं तर आद्रोगातियो. आदोप्तियोची कृती अशी: बाप मुलाला मान्सिपातियो नावाच्या विधीने ‘विकायचा’. या विधीला पाच प्रौढ रोमन नागरिक साक्षीला लागत आणि आणखी एक जण तराजू धरून उभा राही. विकत घेणारा मुलाला मुक्त करी आणि मुलगा पुन्हा बापाच्या सत्तेखाली येई. मग दुसरी विक्री, दुसरी मुक्ती. इ.स.पू. ४५० च्या सुमाराच्या ‘बारा पाट्या’ या जुन्या कायद्यात असा नियम होता की बापाने मुलाला तीनदा विकलं तर मुलगा बापापासून सुटला. म्हणून तिसऱ्या विक्रीला बापाची सत्ता कायमची संपे. मुलगी किंवा नातवंडं असतील तर एकच विक्री पुरे होई. शेवटी प्रेटर या न्यायाधिकाऱ्यापुढे दत्तक घेणारा दावा करी, “हा माझा पुत्र आहे.” समोरचा पक्ष विरोध करत नसे आणि प्रेटर तसा निर्णय देई. आद्रोगातियोत विक्री नव्हती. धर्माधिकारी आधी चौकशी करत, मग सभेपुढे तीन प्रश्न विचारले जात: घेणाऱ्याला विचारत, घ्यायचं आहे का; येणाऱ्याला विचारत, मान्य आहे का; आणि लोकांना विचारत, तुमची आज्ञा आहे का.

म्हणजे इथे तान्हं बाळ नाही, अनाथालय नाही. दत्तक जाणारा बहुधा मोठा झालेला पुरुष असे, आणि हेतू घराण्याचं नाव, मालमत्ता आणि कुलदेवतांची पूजा पुढे चालवण्याचा असे. उघड्यावर टाकलेली तान्ही मुलंही त्या समाजात होती. ती उचलणारे त्यांना बहुधा गुलाम म्हणून वाढवत किंवा पोसत. त्याला कुणी आदोप्तियो म्हणत नसे. उघड्यावर टाकलेल्या बाळाचं चित्र हवं असेल तर ते यहेज्केल १६ मध्ये आहे: नाळ कापलेली नाही, पाण्याने धुतलेलं नाही, मीठ चोळलेलं नाही, बाळंत्यात गुंडाळलेलं नाही, आणि देव जवळून जाताना म्हणतो, “जग.” विलक्षण उतारा आहे. पण त्याच अध्यायात पुढे ती मुलगी वधू होते आणि मग बेइमानी करते. संदेशासाठी पहिली सात वचनं उचलून बाकीची झाकून ठेवणं शास्त्राशी प्रामाणिक नाही. आणि मुलांच्या वर्गात हा अध्याय नकोच.

आता दोन चुका, ज्या संदेशांत हमखास ऐकू येतात.

पहिली अशी: “रोमन कायद्यात पोटच्या मुलाला टाकता येई, दत्तक मुलाला कधीच टाकता येत नसे.” हे खोटं आहे. दत्तक मुलालाही घरातून मुक्त करता येई आणि वारसातून वगळता येई. सम्राट ऑगस्टसने इ.स. ४ मध्ये सावत्र मुलगा तिबेरियस आणि नातू आग्रिप्पा पोस्तुमस या दोघांना दत्तक घेतलं. काही वर्षांतच आग्रिप्पाला त्याने नाकारलं आणि प्लानासिया बेटावर हद्दपार केलं. तिबेरियस सम्राट झाला, आणि लूक ३:१ मध्ये भेटणारा कैसर तोच. देव आपल्याला टाकत नाही, याची खात्री रोमन कायद्यातून काढू नका. ती रोम ८:३८-३९ मध्ये आहे, आणि तिथे ती कायद्यापेक्षा पुष्कळ भक्कम आहे. श्रोत्यांतल्या एखाद्या कॉलेजातल्या मुलाने मोबाइलवर आग्रिप्पाचं नाव शोधलं तर तुमचा मुद्दा आणि तुमचा शब्द, दोन्ही एकदम पडतात.

दुसरी चूक अर्धी खरी आहे: “दत्तक जाताच जुनं सगळं कर्ज रद्द होई.” आद्रोगातियोत स्वतंत्र माणसाची जुनी कायदेशीर ओळख संपत असल्याने त्याची कर्जं नागरी कायद्याने खरोखरच बुडत. पण सावकार ओरडले तेव्हा प्रेटरने त्यांना जणू दत्तकविधान झालंच नाही असं धरून दावा करण्याची सोय दिली. पापक्षमेसाठी हे उदाहरण म्हणूनच गळकं आहे. पापक्षमा पौल दत्तकपणावर उभी करत नाही. गलती ४:५ मध्ये तो आधी ‘सोडवणूक’ सांगतो आणि मग पुत्रपण. क्रम पाहा: आधी दास्यातून सुटका, मग जागा. दोन वेगळ्या देणग्या आहेत. वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकारात (सतराव्या शतकातल्या प्रॉटेस्टंट विश्वासाच्या निवेदनात) नीतिमान ठरवण्यावर अकरावा अध्याय आहे आणि दत्तकपणावर वेगळा बारावा, तो याच कारणाने. न्यायाधीश निर्दोष सोडतो, पण सोडलेल्याला स्वतःच्या घरी जेवायला नेत नाही. दत्तकपणा तिथून पुढे सुरू होतो.

रोमन चित्र जिथे सर्वांत उपयोगी पडतं ती जागा मात्र उपदेशक सहसा ओलांडून जातात. रोमन माणूस दत्तक घेई तो बहुधा मुलगा नसल्यामुळे. आणि मुलगा असताना घेतलं तर काय होई, हे पौलाच्या वाचकांच्या शहरात नुकतंच घडलं होतं. क्लौद्य कैसराला ब्रिटानिकस नावाचा सख्खा मुलगा होता, तरी इ.स. ५० मध्ये त्याने नीरोला दत्तक घेतलं. क्लौद्याच्या मागे गादी नीरोला मिळाली आणि इ.स. ५५ मध्ये ब्रिटानिकस मेला; नीरोने विष घातलं असंच प्राचीन इतिहासकार सांगतात. पौलाने रोमकरांस पत्र लिहिलं ते साधारण इ.स. ५७ मध्ये, नीरो राज्यावर असताना. त्या शहरात ‘दत्तक पुत्र’ हा शब्द काय आठवण करून देत असेल याचा विचार करा. आलेला पुत्र असलेल्या पुत्राला संपवतो. आणि पौल लिहितो की पित्याला पुत्र आहे, उणं काहीच नाही, तरीही तो आणखी पुत्र आणतो. तेही त्या पुत्राच्याच द्वारे, आणि त्याचा हेतू असा की तो ‘पुष्कळ बंधूंमध्ये ज्येष्ठ’ व्हावा (रोम ८:२९). इथे मरण पत्करतो तो ज्येष्ठ पुत्र, आणि तो स्वतःहून पत्करतो. वारसाचंही तसंच. माणसांच्या घरात वारस वाढले की वाटा घटतो, म्हणून भावंडं एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहतात. ख्रिस्ताबरोबरच्या वारशात वाटणी नाही. हे एवढं एकच नीट उलगडलं तरी अर्ध्या तासाचा संदेश भरतो, आणि त्यासाठी अनाथालयाच्या रांगेची गरज लागत नाही. जाताजाता, रोमन वारसाला मालमत्तेबरोबर कर्जंही घ्यावी लागत. रोम ८:१७ मध्ये ‘वारस’ शब्दापाठोपाठ ‘त्याच्याबरोबर दुःख भोगत असलो तर’ हे येतं, ते वगळून वाचू नका.

आता निवडीकडे येऊ, कारण रांगेची गोष्ट सर्वांत जास्त नुकसान इथे करते. रांगेत निवड होते ती पाहून: गोरा रंग, हसरा चेहरा, कमी वय. शास्त्र नेमकं उलट सांगतं. अनुवाद ७:७-८ मध्ये देव इस्राएलाला सांगतो की तुम्ही संख्येने जास्त होता म्हणून मी तुम्हांला निवडलं नाही, उलट तुम्ही सर्वांत थोडे होता. मी प्रीती केली आणि तुमच्या पूर्वजांना दिलेली शपथ पाळली म्हणून निवडलं. कारण निवडणाऱ्याच्या बाजूला आहे. इफिस १:४ तर निवड जगाच्या स्थापनेपूर्वी नेऊन ठेवतं. तेव्हा रांग कुठून येणार? विश्वास आधीच जाणून देवाने निवडलं, की देवाने निवडलं म्हणून विश्वास आला, हा कॅल्व्हिन आणि आर्मिनियस या दोन प्रॉटेस्टंट धर्मशास्त्रज्ञांच्या अनुयायांतला वाद जुना आहे आणि तुमच्या मंडळीची त्यावर एक भूमिका असेल. पण गुण पाहून निवडलं असं त्यांच्यातलं कुणीच म्हणत नाही. तुमचं उदाहरण मात्र तेच म्हणतं.

आणि दत्तक आलेल्या मुलाच्या कानाने हे ऐका. “तुला आम्ही खास निवडलं” हे वाक्य पाच वर्षांच्या मुलाला आवडतं. आठ-नऊ वर्षांचं झाल्यावर ते हिशेब करू लागतं: निवडलं म्हणजे त्याआधी कुणीतरी सोडलं. आणि मी चांगला दिसलो म्हणून निवडलं असेल, तर वाईट वागलो की परत पाठवतील. मग काही मुलं अतिशय शहाण्यासारखी वागतात. कधी हट्ट नाही, कधी रडणं नाही. आल्यागेल्याला वाटतं, किती गुणी मूल! जाणकाराला ती धोक्याची खूण वाटते, कारण घर आपलं आहे अशी खात्री असलेलं मूल कधीतरी दार आपटतंच. रांगेतली जी मुलं मागे राहिली त्यांचं काय झालं, हा प्रश्नही मोठ्यांना पडत नाही, मुलांना पडतो.

शिवाय मूल निवडण्याची रीतही अशी नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातील २१वं कलम सांगतं की दत्तकविधानात मुलाचं हित हाच सर्वोच्च विचार असावा. आंतरदेशीय दत्तकाबाबतचा १९९३ चा हेग करार आईची संमती मूल जन्मल्यानंतरच घ्यायला सांगतो, आणि ती पैसे देऊन मिळवलेली नसावी असं बजावतो. नीट चाललेल्या प्रक्रियेत तपासणी आधी पालकांची होते: घरभेटी, आरोग्य, उत्पन्न, नातेवाइकांचं मत, आणि मूल का हवं आहे याचं उत्तर. मग मुलाची माहिती पाहून त्याच्या गरजांना कुठलं घर जुळेल हे प्रशिक्षित माणसं ठरवतात. रोमन विधीत घराण्यासाठी वारस शोधत होते, आज मुलासाठी घर शोधतात. व्यासपीठावरून दुकानातल्या खरेदीसारखी गोष्ट सांगितली की ज्या वृत्तीविरुद्ध हे सगळे नियम केले, तिलाच आशीर्वाद मिळतो.

खऱ्या दत्तकविधानातून काही घ्यायचंच असेल तर निकालानंतरचा काळ घ्या. दत्तकविधानाचा कायदेशीर आदेश एका दिवशी होतो. त्या दिवसापासून मूल कायद्याने पूर्णपणे त्या घरचं असतं. तीस टक्के, साठ टक्के असं काही नसतं. पण मुलाच्या मनाला ते कळायला महिने लागतात, कधी वर्षं. अनेक घरं बदललेलं मूल उशीखाली पोळी किंवा बिस्किटं लपवतं, कारण उद्या मिळेलच याची खात्री नसते. अनोळखी पाहुण्याच्या मांडीवर लगेच जाऊन बसतं आणि आईने जवळ घेतलं की अंग आक्रसतं. मुद्दाम वस्तू फोडून पाहतं: आता तरी परत पाठवतात का? अनुभवी पालक लपवलेलं अन्न ओढून घेत नाहीत. मुलाच्या हाताला लागेल असा एक डबा कायम भरून ठेवतात, आणि कुणी न रागावता ती लपवाछपवी हळूहळू थांबते. आता रोम ८:१५ वाचा: पुन्हा भीती बाळगावी असा दासपणाचा आत्मा मिळालेला नाही. ‘पुन्हा’ या शब्दावर थांबा. जागा बदललेली आहे, भीतीची सवय मात्र सोबत आली आहे, हे पौलाला ठाऊक आहे. म्हणूनच पुढच्या वचनात आत्मा स्वतः आपल्या आत्म्याबरोबर साक्ष देतो की आपण देवाची मुलं आहोत. एकदा सांगून भागत नाही. आणि २३व्या वचनात तोच पौल म्हणतो की आपण दत्तकपणाची, म्हणजे शरीराच्या मुक्तीची, अजून वाट पाहत कण्हत आहोत. मिळालेलंही आहे आणि यायचंही आहे. मंडळीत वीस वर्षं येऊनही देवापुढे नोकरासारखं अंग चोरून उभी राहणारी माणसं तुम्हाला माहीत आहेत. हा संदेश त्यांच्यासाठी आहे.

पौल देवासाठी वापरतो त्या ‘अब्बा’ (अरामी भाषेत ‘बाप’) या हाकेबद्दल थोडक्यात. हा शब्द नव्या करारात तीनदाच येतो: मार्क १४:३६, रोम ८:१५, गलती ४:६. तान्ह्या बाळाचा बोबडा बोल म्हणून तो सांगू नका; मोठी झालेली मुलंही बापाला तशीच हाक मारत. त्याची खरी किंमत अशी की अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत, दुःखाचा प्याला समोर असताना, येशूने ही हाक मारली, आणि तीच हाक आपल्या तोंडी दिली गेली.

आता जन्मदात्यांविषयी. संदेशात नवं घर म्हणजे देव, आणि म्हणून जुनं घर म्हणजे सैतान, अशी जोडणी नकळत होते. पौलाच्या लिखाणात जुनी अवस्था म्हणजे नियमशास्त्राखालचं आणि जगाच्या प्राथमिक तत्त्वांखालचं दास्य (गलती ४:३). तिथे जन्मदाते आईबाप कुठेच नाहीत. पण ऐकणाऱ्या मुलाच्या मनात मात्र ती बाई उभी राहते जिने त्याला जन्म दिला, आणि तुम्ही तिला सैतानाच्या जागी बसवलेलं असतं. मंडळीत कधीकाळी मूल दिलेली एखादी बाईही बसलेली असू शकते, आणि ते कुणालाच माहीत नसतं. ‘खरी आई’, ‘सख्खी आई’ हे शब्द टाळा. ‘जन्मदाती आई’ म्हणा. रोमन विधीत तर देणारा बाप मानाचाच असे. एमिलियस पौलस या सेनापतीने आपले दोन मुलगे दोन थोर घराण्यांत दत्तक दिले. त्यांतला एक सिपियो एमिलियानस. नव्या घराचं नाव पुढे, जन्मघराची खूण मागे. नवं नाव मिळालं म्हणून जुनं खोडलं गेलं नाही. मोशेच्या गोष्टीतही आई टोपली डांबराने लिंपते, बहीण पहारा देते, आणि फारोची कन्या वेतन देऊन त्याच आईला दूध पाजायला ठेवते (निर्गम २:३-९). मात्र मोशे दत्तकपणाचं उदाहरण म्हणून घ्याल तर इब्री ११:२४ सोबत वाचा: त्याने फारोच्या कन्येचा पुत्र म्हणवून घेणं नाकारलं. उदाहरण उलटं फिरतं. त्यापेक्षा मत्तय १ घ्या. योसेफ बाळाचं नाव ठेवतो (१:२५), त्या नावाने ते बाळ कायद्याने त्याचं होतं, आणि दावीदाची वंशावळ येशूपर्यंत पोहोचते ती अशी.

दत्तक घेणाऱ्या आईवडिलांना व्यासपीठावर बोलावून “यांनी देवासारखं काम केलं” असं म्हणू नका. प्रतिमा देवाकडून आपल्याकडे येते. उलटी फिरवली की आईबाप तारणारे होतात आणि मूल जन्मभराचं ऋणको. मग ते मूल पंधराव्या वर्षी उलट बोललं की नातेवाईक म्हणतात, “एवढं करून हेच फळ?” पोटच्या मुलाला असं कुणी ऐकवत नाही. अनाथांची काळजी घेण्याची आज्ञा याकोब १:२७ मध्ये आहे. तिच्यावर वेगळा संदेश द्या. रोम ८ मध्ये ती घुसवली की निपुत्रिक जोडप्यांवर दबाव येतो, आणि दबावाने घेतलेलं दत्तक हे मोडणाऱ्या दत्तकांच्या कारणांपैकी एक आहे.

‘पुत्र’ शब्दाने बहिणींना वगळल्यासारखं वाटतं, म्हणून काही जण घाईने ‘मुलं’ म्हणतात. हरकत नाही, पण आधी एकदा सांगा की वारसाची जागा पुत्राची मानली जाणाऱ्या जगात पौलाने गलती ३:२६-२८ मध्ये स्त्रियांनाही त्याच जागेवर बसवलं. ते सांगितल्याशिवाय शब्द बदलला तर मुद्दाच हरवतो.

आणि आवेशात “येशूप्रमाणेच आपणही देवाचे पुत्र” असं बोलू नका. तो स्वभावतः पुत्र, आपण कृपेने. हा फरक पुसणाऱ्या किंवा येशूलाच दत्तक पुत्र म्हणणाऱ्या मताला मंडळीने पुन्हा पुन्हा नाकारलं आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तसं शिकवणाऱ्या थिओडोटसला रोमच्या मंडळीतून बाहेर काढलं, आणि स्पेनमध्ये उठलेलं तशाच धर्तीचं मत ७९४ मध्ये फ्रँकफर्टच्या धर्मसभेने दोषी ठरवलं.

संडेस्कूलच्या शिक्षकांसाठी चार ठोस गोष्टी. सहा ते आठ वर्षांची मुलं प्रतिमा शब्दशः घेतात. “देवाने तुला दत्तक घेतलं” म्हटलं की एखादं विचारतं, “म्हणजे मम्मी मला सोडणार?” म्हणून या वयात ‘दत्तक’ शब्द न वापरता जागेची गोष्ट सांगा. मफीबोशेथाची गोष्ट (२ शमुवेल ९) चांगली बसते: दोन्ही पायांनी अधू, दावीद राजाला घाबरणारा, आणि राजपुत्रांसारखा रोज राजाच्या मेजावर. ते कायदेशीर दत्तक नव्हतं, योनाथानाला दिलेल्या शब्दामुळे होतं; मुलांना तेवढं पुरतं. प्रत्येक मुलाच्या नावाची एक ताटाखालची चटई करायला द्या आणि सगळ्या एकाच मेजावर मांडा. एक जास्तीची, बिननावाची ठेवा. उशिरा आलेल्या मुलासाठी लागतेच. बाळपणीचा फोटो आणायला सांगू नका, वंशवृक्ष काढायला लावू नका. काही मुलांकडे पहिल्या दोन वर्षांचा एकही फोटो नसतो. दहा वर्षांपुढच्यांना शब्द सांगा, गलती ४:१-७ वाचा, आणि “वारस लहान असेपर्यंत दासापेक्षा वेगळा नसतो” या वाक्यावर त्यांनाच बोलू द्या. मोठ्यांच्या सत्तेखाली राहण्याबद्दल या मुलांची मतं तयार असतात.

संदेशाच्या तयारीला आमची एक सवय उपयोगी पडेल. पाचही उतारे एका कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर चार रकाने करा: कुठून, कुणाच्या द्वारे, केव्हा, आणि मिळालं काय. गलतीसमोर ‘नियमशास्त्राखालून’ येईल, इफिससमोर ‘स्थापनेपूर्वी’, रोम ८:२३ समोर ‘अजून यायचं’. एका संदेशात एकच रकाना उलगडा. मग मसुदा चार जणांच्या जागी बसून वाचा: नऊ वर्षांचं दत्तक मूल, त्याची आई, मूल दिलेली बाई, आणि नुकताच अर्ज नामंजूर झालेलं जोडपं. ज्या वाक्यावर यांतलं कुणी उठून बाहेर जाईल ते वाक्य बहुधा शास्त्रातलं नसतं, तुमच्या उदाहरणातलं असतं.

आणि परवानगी. अमुक कुटुंबाने मूल दत्तक घेतलं आहे ही माहिती त्या मुलाची आहे. ती आईवडिलांच्या होकारानेही व्यासपीठावरून वाटायची नसते, कारण ते मूल ती कधी, कुणाला, किती सांगायची हे पुढे स्वतः ठरवणार असतं. प्रौढ दत्तक व्यक्तीला साक्ष द्यायला बोलावणार असाल तर प्रश्न आठवडाभर आधी लेखी द्या आणि आदल्या रात्रीपर्यंत नकार देण्याची मोकळीक ठेवा. आभारप्रार्थना करायची असेल तर “या घरात मूल आलं” एवढंच म्हणा. बाळंतपणानंतर तुम्ही तेवढंच म्हणता.

ख्रिस्तात आपले,
शास्त्र शिकवणारे आणि दत्तक कुटुंबांसोबत काम करणारे काही जण